तिसरा परिच्छेद

मेल एका ओळीचा होता. "तुमच्या १२ फेब्रुवारी २०११च्या पोस्टमधला तिसरा परिच्छेद चुकीचा ठरला आहे, अजून तसाच आहे." वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. पत्त्यात तीन अक्षरं आणि चार आकडे, बाई की बुवा तेही कळू नये. आधी मी चिडले. इतक्या वर्षांपूर्वीचं लिखाण, तेही राजकारणावरचं, त्याचा आता कोणी हिशेब मागतं का? मग, खरं सांगायचं तर, जरा हरखलेच. त्या पानावर अजून कोणी जातं यावर माझाच विश्वास उरला नव्हता. मीही जात नव्हते. दिवसभर ती ओळ चपलेत शिरलेल्या खड्यासारखी टोचत राहिली. रात्री दिवा मालवल्यावर, पांघरुणात, फोनवर ती पोस्ट उघडली.

गडद किरमिजी पार्श्वभूमी आणि तिच्यावर फिकट पिवळी अक्षरं. हे मला एके काळी फार देखणं वाटायचं. पान मोठ्या पडद्यासाठी आखलेलं, त्यामुळे फोनवर अक्षरं मुंग्यांएवढी. दोन बोटांनी ताणून, इकडून तिकडे सरकवत वाचावं लागत होतं. तळाशी भेटी मोजणारा काउंटर असायचा, त्याच्या जागी तुटक्या चित्राची चौकट. उजव्या बाजूला ब्लॉगरोल, 'आम्ही वाचतो' असा मथळा आणि खाली अडतीस दुवे. लिहायचे मी एकटी. हे 'आम्ही' कोण होते देव जाणे. आणि मधोमध ती पोस्ट. आदल्या दिवशी, ११ फेब्रुवारीला, इजिप्तचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक यांनी सत्ता सोडली होती, आणि मी रात्रभर जागून लिहिलं होतं. वाक्यावाक्यातून ते जागरण दिसत होतं.

तिसऱ्या परिच्छेदात मी करीम आमेरचं उदाहरण घेतलं होतं. इजिप्तमधला कायद्याचा विद्यार्थी, ब्लॉगवर लिहिलेल्या मजकुरासाठी २००७च्या फेब्रुवारीत त्याला चार वर्षांची शिक्षा झाली: तीन वर्षं धर्माचा अपमान केला म्हणून, एक राष्ट्राध्यक्षांचा केला म्हणून. अपमानांचे हे दर मी तेव्हा उपहासानं नोंदवले होते. आणि पुढे लिहिलं होतं, "यापुढे इजिप्तमध्ये लिहिल्याबद्दल कोणाला तुरुंगात जावं लागणार नाही. ते पर्व काल रात्री संपलं." 'पर्व' हा शब्द मला फार आवडायचा. महिन्यातून दोन-तीन पर्वं तरी मी संपवायचे.

ते पर्व संपायचं नावही घेत नव्हतं. ८ मार्चला मायकेल नबील या तरुणानं एक लांबलचक पोस्ट लिहिली. 'सैन्य आणि जनता एकच हात' ही तेव्हा चौकाचौकात दिली जाणारी घोषणा. त्यानं पुरावे मांडून म्हटलं की हा हात कधीच एक नव्हता. २८ मार्चला त्याला घरातून उचललं आणि १० एप्रिलला लष्करी न्यायालयानं तीन वर्षांची शिक्षा ठोठावली. माझी पोस्ट तेव्हा दोन महिन्यांचीही झालेली नव्हती. ती बातमी मी त्याच दिवशी वाचली होती, हे मला लख्ख आठवतं. खिडकीशी उभी होते, हातात कप होता, आणि 'अरेरे' म्हणून मी पुढच्या बातमीकडे गेले. तिसऱ्या परिच्छेदाची आठवण झाली नाही असं म्हणता येणार नाही. झाली होती. पण तोवर त्यावर चार नव्या पोस्टी चढल्या होत्या, आणि खालच्या मजल्यावर कोण जाऊन बघतंय, असं मनात आलं.

उठले, लॅपटॉप उघडला. पासवर्ड आठवेना. नवा पासवर्ड मागितला तर तो जुन्या ईमेल पत्त्यावर गेला, त्या पत्त्याचाही पासवर्ड आठवेना, आणि तिथे सुरक्षेचा प्रश्न म्हणून 'तुमचा आवडता विचारवंत कोण?' असं मीच लिहून ठेवलेलं. तीन नावं टाकून बघितली. चौथं लागलं, ते नाव मी इथे सांगणार नाही. आत शिरेपर्यंत दीड वाजला होता.

मग संपादनाची ती पांढरी चौकट आणि तिसऱ्या परिच्छेदाच्या तोंडाशी लुकलुकणारा कर्सर. परिच्छेद पुसून टाकता आला असता, कोणाला कळलंही नसतं. किंवा 'जावं लागणार नाही'च्या जागी 'जावं लागू नये' असं केलं असतं, की भाकिताची झाली सदिच्छा! दोन शब्दांत मी द्रष्टी राहिले असते. पण ब्लॉगवाल्यांत एक रिवाज होता. कोणी घालून दिलेला नव्हता, पण मोडला तर फजिती व्हायची. चुकलेली ओळ पुसायची नाही. तिच्यावर आडवी रेघ मारायची, रेघेखालचे शब्द वाचता आले पाहिजेत, आणि पुढे 'अपडेट' असं लिहून, तारीख घालून, काय चुकलं ते सांगायचं. वर्तमानपत्रात चूक पहिल्या पानावर चार कॉलमांत होते आणि दिलगिरी आतल्या पानावर, एखाद्या जाहिरातीच्या काखेत. इथे चूक आणि कबुली एकाच ओळीत, एकमेकींना खेटून उभ्या. या धंद्यातलं बाकी बरंच काही माझ्या मनातून उतरलं, ती आडवी रेघ मात्र नाही.

या नादाला मी लागले २००३ साली, आणि लावलं बगदादच्या एका मुलानं. सलाम पॅक्स हे त्याचं टोपणनाव. अरबी आणि लॅटिन, दोन्ही भाषांत शांतता. त्याचा मित्र राएद शिकायला जॉर्डनला गेला होता आणि मेलना उत्तरं द्यायचा नाही, म्हणून यानं ब्लॉग काढला आणि त्याला नाव दिलं 'राएद कुठे आहे?' जगानं पुढे ज्याला युद्धाची सर्वांत जवळून लिहिलेली रोजनिशी म्हटलं, ती मुळात एका आळशी मित्राला मारलेली हाक होती. मला तिथे राजकारण भेटलं ते आधी कंटाळ्याच्या रूपात. बॉम्ब पडणार हे ठाऊक असलेल्या शहरातले दिवस, घरच्यांची चिडचिड, संगीताच्या गप्पा, सद्दामबद्दलचा राग आणि त्याला घालवायला निघालेल्यांबद्दलचाही राग, दोन्ही एकाच दमात. वाहिन्यांवर तेव्हा हिरव्या अंधारात उडणारे ठिपके दाखवत होते. हा मुलगा त्या ठिपक्यांच्या खालच्या टोकाला बसून लिहीत होता. तो खराच आहे की कोणा गुप्तहेर खात्याची करामत आहे, यावर दूर सुरक्षित बसलेल्या लोकांनी आठवडेच्या आठवडे वाद घातले. बॉम्ब सुरू झाले, संपर्क तुटला, पान थिजलं. मी रोज ते उघडायचे आणि रोज तीच शेवटची नोंद. मे महिन्यात मधल्या दिवसांच्या सगळ्या नोंदी एकदम वर आल्या. तो लिहीतच राहिला होता, पाठवायला वाट तेवढी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये रिव्हरबेंड या टोपणनावानं त्याच शहरातली एक तरुणी लिहू लागली. ती प्रोग्रॅमर होती, युद्धानंतर कामाला मुकलेली, आणि तिचा राग अधिक धारदार होता. बाईचं घराबाहेर पडणं आठवड्याआठवड्यानं कसं आक्रसत गेलं हे तिनं जसं लिहिलं, तसं मी नंतर कुठल्याच अहवालात वाचलं नाही. २००७ मध्ये ती सीरियाला निघून गेली.

हे वाचून मला वाटलं, आपणही लिहावं. माझ्या आसपास ना बॉम्ब, ना सद्दाम. होती ती मतं, आणि ती भरपूर होती.

मतांचा मोठा बाजार तेव्हा अमेरिकेत होता आणि तिथून पुष्कळ शिकायला मिळालं. चांगलं आणि वाईट, एकाच दुकानातून. डिसेंबर २००२ मध्ये स्ट्रॉम थर्मंड या सेनेटरच्या शंभराव्या वाढदिवसाला ट्रेंट लॉट हे सेनेटमधले रिपब्लिकन नेते बोलायला उभे राहिले. थर्मंड १९४८ साली वंशभेदाची तरफदारी करत राष्ट्राध्यक्षपदाला उभे होते. ते तेव्हा निवडून आले असते तर देशाला पुढच्या अडचणी आल्याच नसत्या, अशा अर्थाचं लॉट बोलून गेले. सभागृहात पत्रकार होते, कॅमेरे होते. दुसऱ्या दिवशी बहुतेक वर्तमानपत्रांत त्याची ओळही नव्हती. म्हाताऱ्याच्या वाढदिवसातलं गोडगोड बोलणं, म्हणून सोडून दिलेलं. जॉश मार्शलसारख्या ब्लॉगलेखकांनी मात्र ते सोडलं नाही. रोज एक जुना संदर्भ, हा माणूस आधीही असंच बोलला होता याचा रोज एक दाखला. मला तेव्हा नवल वाटलं ते याचं की डाव्यांइतकेच उजवेही, अँड्र्यू सलिव्हन, ग्लेन रेनल्ड्स, त्यांच्यावर तुटून पडले होते. ५ डिसेंबरचं भाषण, २० डिसेंबरला लॉट नेतेपदावरून पायउतार. राष्ट्राध्यक्ष बुश यांनी मधे जाहीर कानउघाडणी केली नसती तर इतक्या लवकर ते घडलं असतं का, मला शंका आहे. पण आम्हा ब्लॉगवाल्यांच्या दंतकथेत बुश नव्हते. दंतकथेत फक्त आम्ही होतो.

दोन वर्षांनी पारडं फिरलं. सप्टेंबर २००४, निवडणूक तोंडावर, सीबीएस वाहिनीनं बुश यांच्या तरुणपणीच्या सैनिकी नोकरीबद्दल काही कागद दाखवले, १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचे म्हणून. दुसऱ्याच दिवशी उजव्या ब्लॉगांवर कागदातल्या एका आकड्याच्या डोक्यावर बसलेल्या बारक्या 'टीएच'ची चर्चा सुरू झाली. त्या काळच्या कार्यालयीन टाइपरायटरवर हे बारकं अक्षर असं वर कसं चढेल? अक्षरांमधलं अंतर असं कसं? एकानं तोच मजकूर वर्ड उघडून, काहीही न बदलता, टाइप केला आणि वाहिनीच्या कागदावर ठेवून दाखवला. जुळला. बारा दिवसांनी वाहिनीला कबूल करावं लागलं की त्या कागदांच्या खरेपणाची ग्वाही देता येत नाही. मी तेव्हा त्या उजव्यांच्या विरुद्ध बाजूची, पण ते दोन कागद एकमेकांवर सरकताना बघून अंगावर काटा आला होता. काम चोख होतं. आणि त्या चोख कामाखाली मूळ प्रश्न, त्या तरुणानं नोकरी नीट केली होती का, कायमचा गाडला गेला. देश दोन आठवडे टाइपरायटरबद्दल बोलत होता. त्या अनुभवानं अनेकांना चटक लागली, मलाही. दुसऱ्याच्या लेखात 'टीएच' शोधायचा, तो सापडला की लेखाला उत्तर द्यायची गरज उरत नाही.

याच्या उलटही पाहिलं. मार्च २००७ मध्ये अमेरिकी न्याय खात्यानं सरकारी वकिलांच्या बडतर्फीबद्दलचे सुमारे तीन हजार कागद एका रात्री बाहेर टाकले. असा ढीग रात्री ओततात तो वाचला जाऊ नये म्हणूनच. मार्शलच्या चमूनं वाचकांनाच हाक घातली: एकेक गठ्ठा उचला, वाचा, काही सापडलं तर पानाच्या क्रमांकासह कळवा. रात्रभर अनोळखी माणसं सरकारी इंग्रजीत लिहिलेले कंटाळवाणे निरोप वाचत बसली. कोणाला मानधन नव्हतं. सकाळपर्यंत पानं आणि क्रमांक जमले. ऑगस्टमध्ये महान्यायवादी गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला आणि पुढच्या वर्षी त्या कामाला पत्रकारितेतला पोक पुरस्कार मिळाला, ब्लॉगला मिळालेला पहिला. राजकीय ब्लॉग म्हटलं की लोकांना तावातावानं मांडलेलं मत आठवतं. मला ती रात्र आठवते. कोणीतरी कुठेतरी पान क्रमांक लिहून घेतंय.

ब्लॉग हा एकच शब्द, पण त्याखाली किती निरनिराळी माणसं मावली! केनियात ओरी ओकोल्लो आणि तिच्या साथीदारानं 'म्झालेंडो' काढला, स्वाहिलीत देशभक्त. संसदेचं अधिकृत संकेतस्थळ बंद झालेलं, कारण त्यावर चढलेली आपलीच माहिती खासदारांना रुचली नव्हती. मग या दोघांनी ते काम स्वतःच्या अंगावर घेतलं. कोण किती बोललं, कोणतं विधेयक आलं. तिथे मत जवळजवळ नव्हतंच, नुसती वही. २००७च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला तेव्हा हिनंच ब्लॉगवर विचारलं की कुठे काय घडतंय हे नकाशावर कोणी मांडेल का, आणि काही दिवसांत 'उशाहिदी' उभं राहिलं, म्हणजे साक्ष. क्यूबात योआनी सांचेझ पर्यटक असल्याचा आव आणून हॉटेलांत शिरायची, कारण इंटरनेट तिथेच. घरी लिहून आणलेलं पटकन पाठवायचं आणि बाहेर पडायचं. २००८ मध्ये तिच्या देशातून तिचा ब्लॉग उघडेनासा झाला, तेव्हा ती मजकूर परदेशातल्या मित्रांना मेल करायची आणि ते चढवायचे. तिच्या लेखांना जगभरातून हजारो प्रतिक्रिया येत, आणि स्वतःचं पान स्वतःलाच दिसत नसे. मी माझा काउंटर दिवसातून दहा वेळा बघायचे त्या काळातली ही गोष्ट.

इराणची गोष्ट मला सर्वांत गुंतागुंतीची वाटते. हुसैन देरख्शान टोरंटोत होता. २००१ मध्ये त्यानं फारसीत ब्लॉग कसा काढायचा याच्या सूचना लिहिल्या. युनिकोड कसं वापरायचं, उजवीकडून डावीकडे जाणारी लिपी पानावर कशी बसवायची. आपल्या लिपीतही तेव्हा वेलांटी अक्षराचा हात सोडून भलतीकडे जाऊन बसायची, त्यामुळे त्या सूचनांचं मोल मला कळतं. त्या वाचून हजारो इराणी लिहिते झाले. त्यात कविता होत्या, प्रेमप्रकरणं होती, मुल्लांचेही ब्लॉग होते. हाच माणूस पुढे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजादांची बाजू घेऊ लागला, जुने मित्र तुटले, आणि २००८ मध्ये तो तेहरानला परतल्यावर त्याच सरकारनं त्याला पकडलं. शिक्षा साडेएकोणीस वर्षांची. सहा वर्षांनी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, त्याला सोडलं. बाहेर येऊन त्यानं पाहिलं तर ब्लॉग ओस पडले होते आणि लोक फेसबुकसारख्या एका वाहत्या पट्टीसमोर बसले होते. त्याची तक्रार होती दुव्याबद्दल. दुवा म्हणजे आपला वाचक दुसऱ्याच्या दारापर्यंत सोडून येणं. नव्या पट्टीवर कोणी कोणाला कुठे जाऊच देत नव्हतं. तुरुंगातून सुटलेल्या माणसानं बाहेरच्या लोकांबद्दल हे म्हणावं.

आणि माल्टा. डाफ्ने कारुआना गालित्सिया हिचं सगळंच मला आवडायचं असं नाही. मंत्र्यांच्या परदेशी कंपन्यांचे कागद ती ज्या चिकाटीनं उकरायची, त्याच चिकाटीनं एखाद्याच्या कपड्यांवर, दिसण्यावर, बोलण्याच्या ढबीवरही घसरायची. मरण आलं तेव्हा तिच्यावर अब्रुनुकसानीचे चाळीसहून अधिक दावे चालू होते. १६ ऑक्टोबर २०१७च्या दुपारी २ वाजून ३५ मिनिटांनी तिनं शेवटची नोंद टाकली. जिकडे बघावं तिकडे आता लबाडच आहेत, परिस्थिती हाताबाहेर गेली आहे, असा तिचा शेवट. थोड्या वेळानं घराजवळच तिच्या गाडीत बॉम्ब फुटला. ती वेळ, २:३५, अजूनही त्या नोंदीपाशी आहे. ब्लॉगवर प्रत्येक नोंदीखाली अशी वेळ आपोआप उमटते. मी अनेकदा ती दिसू नये म्हणून सेटिंगमध्ये जाऊन बंद करायचे, रात्री तीनला लिहिलंय हे घरी कळू नये म्हणून.

राजकारणावर आपल्या खर्चानं लिहून वाटायची हौस काही नवी नाही. इंग्लंडमध्ये राजा आणि संसद भिडले त्या काळात लंडनमध्ये पत्रकांचा पाऊस पडला होता; शिव्या, उपदेश, बातम्या, शुद्ध थापा, सगळं. जॉर्ज थॉमसन नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं १६४० ते १६६१ या काळात ती गोळा केली, सुमारे बावीस हजार, आणि हातात आलेल्या बहुतेक प्रत्येक कागदावर ती मिळाल्याची तारीख शाईनं लिहिली. ब्रिटिश लायब्ररीत तो ढीग आज आहे. त्याचं स्वतःचं मत काय होतं यात मला फार रस नाही. पण रोज संध्याकाळी दुकान आवरताना चार नवे भडक कागद घेऊन, कुठलाही न फाडता, कोपऱ्यात तारीख घालणारा तो माणूस मला हवाहवासा वाटतो. आमच्या कागदांना असा थॉमसन भेटला तो १९९६ साली निघालेल्या इंटरनेट अर्काइव्हच्या रूपानं, आणि तोही जमेल तेवढंच उचलतो.

त्या रात्री मी माझ्या अडतीस दुव्यांवर एकेक करून टिचकी मारली. नऊ उघडले. त्यातले दोन अजून लिहिते. बाकीच्यांच्या जागी कोरी पानं, किंवा कसल्याशा कर्जाच्या जाहिराती. १ जुलै २०१३ ला गूगल रीडर, सगळ्या ब्लॉगांवरचं नवं लिखाण एका जागी आणून देणारं, बंद झालं तेव्हा आम्ही सगळ्यांनी मोठमोठे शोकलेख लिहिले होते. मग एकेक जण गप्प झाला. सलिव्हननं २०१५ मध्ये पंधरा वर्षांनंतर थांबताना तब्येतीचं आणि खऱ्या जगात परतण्याचं कारण दिलं. माझ्याकडे तर कारणही नव्हतं. दोन ओळींत भांडता येत असेल तर बाराशे शब्द कोण लिहील?

सातवा दुवा त्याचा होता.

त्याचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. माझ्या प्रत्येक मताच्या बरोबर उलट मत असलेला माणूस. दर रविवारी तो त्याच्या ब्लॉगवर माझ्या आठवड्याची चिरफाड करायचा. पण आधी माझ्या पोस्टचा दुवा द्यायचा, वाचकानं मूळ बघून मग ठरवावं म्हणून, आणि उद्धृत करताना शब्द न शब्द जसाच्या तसा ठेवायचा. परिच्छेद मोजायचा. "दुसऱ्या परिच्छेदातला आकडा कुठून आणला?" "पाचव्या परिच्छेदात बाईंनी स्वतःच्याच पहिल्या परिच्छेदाला उत्तर दिलं आहे." मला त्याचा संताप यायचा आणि रविवारी सकाळी मी आधी त्याचंच पान उघडायचे. लिहिताना, एखादं सोयीचं वाक्य उतरलं की तो काय म्हणेल हे आधी ऐकू यायचं. निम्मी सोयीची वाक्यं अशीच मेली. एकदा, एकदाच, मी त्याची चूक दाखवली. तासाभरात त्यानं आपल्या ओळीवर रेघ मारली, तारीख घातली, माझ्या पोस्टचा दुवा दिला. त्या दिवशी मी घरात उगाच गुणगुणत फिरत होते. का, ते कोणाला सांगणार? २०११ मध्येच कधीतरी त्यानं माझं नाव घेणं थांबवलं. कंटाळला असेल, असं मी धरून चालले. तेव्हा सगळेच कंटाळत होते. त्याच्या दुव्यावर आता कोरं पान आहे.

पहाटे साडेतीनला मी तिसऱ्या परिच्छेदातली ती दोन वाक्यं निवडली आणि रेघ मारली. किरमिजीवर पिवळ्या अक्षरांतून पिवळी रेघ गेली. 'पर्व' हा शब्द बरोबर मधोमध कापला गेला, त्याचं जरा बरंच वाटलं. शेजारी आजची तारीख घातली आणि मायकेल नबीलचं नाव, ८ मार्च, १० एप्रिल, लष्करी न्यायालय, सगळं लिहिलं. पुढच्या वर्षांतले इतरही तुरुंगवास लिहायला घेतले, अला अब्दुल फत्ताह या ब्लॉगवाल्याचे तर किती, आणि अपडेट परिच्छेदापेक्षा लांब होत चाललं तेव्हा थांबले. मग त्या मेलला उत्तर दिलं. "रेघ मारली आहे. उशीर झाला. आभार." आणि जरा थांबून, "आपण पूर्वी ब्लॉग लिहायचात का?"

उत्तर दुपारी आलं. माझ्या प्रश्नाचा उल्लेख नव्हता.

"चौथा परिच्छेदही बघा."

चौथ्यात इजिप्त नाही. मीच लिहिलेला असून मला तो अजिबात आठवत नव्हता. तिथे मी लिहिलं आहे की या क्षणीसुद्धा शंका काढणारे काही महाभाग आपल्यात आहेत, त्यातले एक दर रविवारी भेटतात, आणि अशांना एकच शब्द आहे. शब्द पुढे आहे, आणि त्या शब्दावर त्याच्या ब्लॉगचा दुवा लावलेला आहे. दुवा मी दिला होता, रिवाजाप्रमाणे. तारीख आहे, वेळही आहे, पहाटे ४:१०; त्या रात्री ती बंद करायला विसरले असणार. खाली प्रतिक्रिया चौदा, सगळ्या मला शाबासकी देणाऱ्या. त्याची एकही नाही.

आकडा चुकला की बरोबर आकडा लिहिता येतो. इथे शेजारी काय लिहायचं ते मला दोन दिवस सुचलेलं नाही. चौकट उघडी आहे, शब्द निवडलेला आहे, निळ्या पट्टीत.